गाडीवरचं नाव

भिंगरीने गाडी मागे घेतली आणि दातांचा दवाखाना चिरडला.

खरा दवाखाना नव्हे हो, पाटी! ताजी रंगवलेली, फुटपाथला टेकवून वाळत ठेवलेली पत्र्याची पाटी. गाडी घेऊन आठच दिवस झाले होते. तशी ती गाडी वयाने भिंगरीच्या धाकट्या भावाएवढी होती, पण तिच्यासाठी नवीच. मागे घेताना आरशात बघायचं की मान वळवून, या विचारात तिने दोन्ही केलं नाही. चाकाखाली कडकड वाजलं.

उतरून बघते तर ‘दातांचा’ या शब्दावर चाकाचा नक्षीदार ठसा. आणि समोर पाट्या रंगवायच्या दुकानाच्या दारात, हातात चहाचा कप घेऊन, एक उंच लांबुडका माणूस उभा.

“फार दुखलं का?” त्याने विचारलं.

“मला? नाही.”

“तुम्हाला नाही हो. पाटीला विचारतोय.”

भिंगरीने सॉरी म्हटलं. मग पुन्हा म्हटलं. पाटी उचलायला गेली तर हाताला निळा रंग, तो पुसायला गेली तर कुडत्याला निळा रंग.

“राहू द्या,” तो हसायला लागला. “या डॉक्टरांनी माझी चांगली दाढ उपटली होती, तेव्हा तेही एवढ्या वेळा सॉरी म्हणाले नव्हते. फिटंफाट झाली.”

आता असं बोलणाऱ्या माणसाकडे बघायचं नाही तर कोणाकडे बघायचं? भिंगरीने बघितलं. डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या, भुवया दाट आणि एकमेकींना भेटायला निघालेल्या. दोऱ्याने मधले चार केस काढले तर काय दिसेल हा! तिचा धंदाच तो, तिच्या मनात दुसरं काय येणार?

त्याचं लक्ष मात्र गाडीकडे गेलं होतं. पांढरी कोरी गाडी. “यावर काय लिहायचं?”

“तेच तर ठरत नाहीये,” ती म्हणाली.

घरात तिला भिंगरी म्हणायचे, कारण बसल्या जागी बसणं तिला कधी जमलंच नाही. नऊ वर्षं तिने एका पार्लरमध्ये काढली. मग एकदा पाय मोडून पडलेल्या एका आजींच्या घरी केस कापायला गेली. आजींनी सात महिन्यांनी आरसा हातात घेतला आणि तो खालीच ठेवेनात. “अगं, मी आहे अजून!” असं म्हणाल्या. झालं! भिंगरीच्या डोक्यात किडा शिरला. ज्यांना जिना उतरवत नाही, अंथरूण सोडवत नाही, तान्हं मूल टाकून निघता येत नाही, त्यांच्या दारात आपण जायचं. तिने नोकरी सोडली, गाडी घेतली, आत खुर्ची, वाफेचं भांडं, मेण वितळवायचा हीटर, घडीचं टेबल सगळं बसवलं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला सुरुवात करायची होती. फक्त नाव नव्हतं.

“नाव घेऊन या,” तो म्हणाला. “मी रंगवतो.” आजूबाजूला सगळी छापील फ्लेक्सची दुकानं झाली होती. हाताने अक्षर काढणारा हा एकटा उरला होता. वडिलांच्या वेळेपासून त्या दुकानाला सगळे पेंटरचं दुकान म्हणत, आणि त्यालाही नुसतं पेंटर.

भिंगरी दोन दिवसांत नाव घेऊन गेली.

“रूपगंधा.”

“साबण वाटतो.”

तिसऱ्या दिवशी पुन्हा. “परी!”

“परीला गाडी कशाला लागते? पंख असतात की तिला.”

“ग्लो ऑन व्हील्स.”

“लोक गाड्या धुवायला आणतील.”

“सौंदर्यसम्राज्ञी!” भिंगरी इरेला पेटली.

“हे लिहायचं तर मागे अजून एक गाडी जोडावी लागेल.”

“मग... नखरेवाली?”

“तुमची गिऱ्हाइकं कोण? पाय मोडलेल्या आजी. त्या काय नखरे करणार?”

“करतात! एकदा येऊन बघा तुम्ही. भुवई कमानदारच हवी म्हणून रुसून बसल्या होत्या.”

तो खूप हसला. हसताना मान मागे टाकायचा आणि उजवा हात खिशात घालायचा. भिंगरीला वाटलं, लकब आहे. तिला ती लकब आवडली. सांगायचं तर तिला सगळंच आवडायला लागलं होतं... टर्पेंटाइनचा वास, भिंतीवर खडूने अर्धवट काढलेली अक्षरं, तिच्यासाठी न विचारता पुसून ठेवलेलं स्टूल.

घरी आई काही आंधळी नव्हती. “पाटी रंगवायला माणूस एकदा जातो,” ती म्हणाली. “तू सहाव्यांदा चाललीस, तेही केस धुऊन.”

“नाव ठरत नाहीये गं.”

“गाडीचं ठरत नाहीये की दुसऱ्या कशाचं? ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस माझ्यापुढे.”

भिंगरी किल्ली उचलून बाहेर पडली.

त्या दिवशी ती दुकानात बसली असताना फोन तीनदा वाजला. एका बाळंतिणीला मालिशीचं विचारायचं होतं, एका काकूंना केस रंगवायचे होते, आणि त्या आजी तर नुसत्याच, “कधी येतेस गं?” तिन्ही वेळा भिंगरी फोनवर एकच म्हणाली, आणि फोन ठेवून पुन्हा तिथेच बसून राहिली. पेंटर खडू हातात घेऊन तिच्याकडे बघत होता.

“दिवसातून किती वेळा म्हणता हो हे?”

“काय?”

त्याने भिंतीकडे वळून डाव्या हाताने, वेडंवाकडं, मोठ्ठं लिहिलं. ‘आलेच!’

भिंगरी बघत राहिली. कोणीतरी वाट बघतंय आणि दाराबाहेरून हाक येते, आलेच! बस, हेच. दुसरं काही असूच शकत नव्हतं. तिचे डोळे भरून आले, आणि एवढ्याशा गोष्टीला रडतात का म्हणून ती स्वतःवरच चिडली.

“रंगवा मग,” ती म्हणाली. “उद्या आणते गाडी.”

“उद्या नको. हवा दमट आहे.”

दोन दिवसांनी खालच्या अस्तराचा रंग डब्यातच घट्ट झाला होता. त्यानंतर मनासारखा निळा मिळाला नव्हता. मग ब्रशचे केस गळत होते. एक तारीख आली आणि गेली. भिंगरी कोऱ्या गाडीनेच कामाला लागली. लोक गाडी थांबवून पाव मागायचे. बेकरीची गाडीही तशीच पांढरी असायची ना!

दुसऱ्या कोणी असा वेळ काढला असता तर भिंगरीने त्याची सालटी काढली असती. पण हा टोलवायचा आणि ती मनातल्या मनात खूश व्हायची. अगं वेड्ये, तो मुद्दाम करतोय, तिला वाटायचं. गाडी रंगवून झाली की तू येणार नाहीस, म्हणून! आरशापुढे उभी राहून ती हे स्वतःला ऐकवायची. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर काम केलेल्या बाईला आपला चेहरा कधी नव्हे तो बरा दिसायला लागला होता.

मग ती दुपार आली. बाहेर पावसाची भुरभुर. दुकानात दोघंच. त्याच्या नखांत आठवड्यांचा निळा-तांबडा रंग साचलेला.

“द्या इकडे हात,” भिंगरी म्हणाली. “बघवत नाहीत मला ती नखं.”

“पेंटरचे हात असेच असतात.”

“माझ्यासमोर नसतात.”

तिने मांडीवर टॉवेल पसरला, कोमट पाण्याची वाटी ठेवली. त्याने डावा हात दिला. तिने एकेक नख कोरून साफ केलं, तेल चोळलं, बोटं एकेक करून ओढली. पत्र्यावर पावसाचा बारीक आवाज येत होता आणि आपला श्वास त्याला ऐकू जातोय की काय, अशी तिला धास्ती वाटत होती.

“आता दुसरा.”

“एक पुरे.”

“असा अर्धा माणूस मी सोडत नाही.”

त्याने नुकत्याच साफ झालेल्या डाव्या हाताकडे बघितलं. मग त्याने खिशातून उजवा हात काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

अंगठा हलत होता. थांबत नव्हता. भिंगरीने आयुष्यात हजारो हात धरले होते, म्हाताऱ्यांचे, नवऱ्या मुलींचे, परीक्षेला निघालेल्या पोरींचे. माणूस घाबरला की हात कसा कापतो ते तिला ठाऊक होतं. तिला वाटलं, हा आपल्यामुळे... आणि ती चक्क सुखावली. हसून म्हणाली, “एवढं घाबरायला काय झालं? खाणार आहे का मी?”

मग तिने मान वर केली आणि त्याचा चेहरा बघितला.

“बाबांचं असंच सुरू झालं होतं,” तो म्हणाला. “अंगठ्यापासून. मग हात, मग पाय, मग जीभ. अकरा वर्षं. मला दोन वर्षं झाली. डॉक्टर त्याच आजाराचं नाव सांगतात.”

भिंगरीच्या हातात त्याचा हात तसाच होता.

“म्हणजे दमट हवा... निळा रंग...”

“लिहिता येणार नाही म्हणून.”

“आणि माझी नावं? ती सगळी तुम्ही उडवून लावलीत ती?”

“तीही त्याचसाठी.”

“मग पहिल्या दिवशी सांगायचं!” तिचा आवाज चढला. “छापून घेतलं असतं मी! मी मूर्खासारखी रोज... मला वाटलं होतं...”

“काय वाटलं होतं?”

“काही नाही,” ती म्हणाली. वाटी, टॉवेल, कोरणी, सगळं पिशवीत कोंबलं आणि पावसात बाहेर पडली. गाडीत बसून ती इतकी रडली की समोरची काच आतून धुरकटली. तो आजारी आहे म्हणून रडत होती की आपल्यासाठी तो काही मुद्दाम करत नव्हता म्हणून, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. आणि त्याचीही तिला लाज वाटत होती.

पाच दिवस ती गेली नाही. सहाव्या दिवशी त्याचाच फोन आला.

“रोज सकाळी सात ते आठ गाडी दुकानापुढे लावशील?” तो एकदम ‘तू’वर आला होता. “औषध घेतल्यावर तासभर हात माझं ऐकतो.”

“लावते,” ती म्हणाली.

आठ सकाळी गेल्या. मनगटाखाली कापड गुंडाळलेली काठी टेकवून तो एका वेळी बोटभर रंग भरायचा. थांबायचा. पुन्हा बोटभर. एका सकाळी नुसता काना झाला. भिंगरी फुटपाथवर बसून बघायची. चहाचा कप ती अर्धाच भरायची, आणि अर्धाच का, हे त्याने कधी विचारलं नाही. मध्येच तो एखादा विनोद करायचा, ती हसायची. त्या आठ सकाळी तिला कोणी परत देतो म्हणालं ना, तर तिने गाडीची किल्ली काढून दिली असती.

नवव्या सकाळी अक्षरं पुरी झाली. दीड-दीड हात उंच, निळी, गुबगुबीत. पण वर रेघ नव्हती. अक्षरं बिचारी अधांतरी उभी होती.

“बाबांची रीत,” तो म्हणाला. “अक्षरं आधी, शिरोरेघ शेवटी. रेघ एका दमात ओढायची, तुकडे जोडले की सांधे दिसतात. चार फूट आहे. मला जमणार नाही ती. तू ओढ.”

“वेड लागलंय का तुला?”

“सारखी मान हलवणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यात काजळ घालतेस तू. मला माहितीये तुझा हात.”

त्याने ब्रश रंगात बुडवला, कडेला निथळला आणि तिच्या हातात दिला. मग तिच्या मागे उभा राहिला. डाव्या हाताने ती काठी तिच्या मनगटाखाली धरली.

“श्वास रोखू नकोस. सोडत सोडत ओढ. ब्रशकडे बघू नकोस, जिथे पोचायचंय तिथे बघ.”

तिने ओढली. आ, ले, च, तिन्ही डोक्यांवरून ब्रश सरसर गेला. शेवटी जरा जाड झाली रेघ, कारण त्याची हनुवटी तिच्या केसांना लागली होती. कोणी हललं नाही. रस्त्यावरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला.

“झाली,” तो हळूच म्हणाला.

“माझ्याशी लग्न कर,” भिंगरी म्हणाली. अशी, गाडीकडे तोंड करून, हातात ओला ब्रश धरून! तिला कुठे माहीत होतं आपण हे बोलणार आहोत ते.

तो दोन पावलं मागे सरला. “दिवसभर तू लोकांच्या घरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची डोकी धुतेस. संध्याकाळी घरी येऊन अजून एक डोकं?”

“ते काम आहे. हे माझं माणूस असेल.”

“आईपण असंच म्हणाली असेल.”

“मग विचारायचं होतंस तिला, पस्तावलीस का म्हणून!”

“विचारलं होतं.”

“काय म्हणाली?”

“उत्तर द्यायच्या आधीच डोळा लागला तिचा. बाबांना भरवायचा चमचा हातातच होता.” त्याने तिच्या हातातून ब्रश घेतला. “बाबांच्या आधी गेली ती. दमून गेली. मी सोमवारी ताईकडे चाललोय, कायमचा. दुकान देऊन टाकलं.”

ताईचं गाव नऊ तासांवर होतं.

“ताईने केलेलं चालतं आणि मी केलेलं चालत नाही?”

“ताईला नाही म्हणता येत नाही मला, ती नुसती बहीण नाही, आईसारखी आहे. तुला नाही म्हणायला मी दोन महिने शिकतोय.”

भिंगरीला राग आला, भयंकर आला. त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. पण ज्याला आधीच सारखं हलावं लागतं त्याला काय हलवायचं! ती दुकानाच्या पायरीवर मटकन बसली. तो शेजारी बसला. म्हणाला, “एक खोटं बोललो तुझ्याशी. ती पाच नावं मी हातामुळे नाकारली नव्हती. तेव्हा सकाळचे दोन-तीन तास हात चांगला चालायचा. ‘परी’ तर मी डोळे मिटून लिहिली असती.”

“मग का नाही लिहिलीस?”

“लिहिली असती तर तू पुन्हा कशाला आली असतीस?”

इतके दिवस आरशापुढे तिने जे स्वतःला ऐकवलं होतं, तेच तो सांगत होता. तिला ते ऐकायचं होतं, जिवापाड ऐकायचं होतं. फक्त असं नव्हतं ऐकायचं. तिने त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि आठ वाजून गेले तरी सोडला नाही. आजींचा फोन दोनदा वाजून बंद झाला.

सोमवारी सकाळी तिनेच त्याला बसस्टँडवर सोडलं. आई म्हणाली होती, “नको जाऊस गं, स्वतःच्या हाताने जखमेवर मीठ कशाला चोळतेस?” पण डबा आईनेच भरून दिला होता, दोन माणसांना पुरेल एवढा.

स्टँडवर गाडी थांबते न थांबते तोच एक बाई नाव वाचत पुढे आली. सासूबाई पडून असतात, त्यांचे केस विंचरताना फार गुंता होतो, याल का? भिंगरीने नंबर सांगितला, वार ठरवला, सगळं नीट बोलली. पेंटर बाजूला उभा राहून ऐकत होता आणि त्याचा चेहरा असा उजळला होता की तिला बघवेना.

“मी येईन तिकडे,” बाई गेल्यावर ती म्हणाली. “गाडी आहे माझ्याकडे. नऊ तास म्हणजे काही फार नाही.”

“नको येऊस.”

“का? ताई काय हाकलणार आहे मला?”

“तू आलीस की मला बरं वाटतं, भिंगरी. मला बरं वाटायची सवय नको लागायला.”

तिचं ते घरातलं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं होतं. कुठून कळलं होतं, देव जाणे.

बस लागली. माणसं दाराशी गर्दी करू लागली. पायऱ्या उंच होत्या. त्याने पायऱ्यांकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“एक मागू?”

“माग.”

“मी चढताना बघू नकोस.”

ज्या माणसाला डोळे भरून बघायला ती इतके दिवस केस धुऊन, बहाणे करून जात होती, त्या माणसाला आता शेवटचं बघायचं नव्हतं. एवढंच मागितलं होतं त्याने. तिने मान हलवली आणि पाठ फिरवली. समोर स्टँडची भिंत होती, पिवळी, पोपडे आलेली. भिंतीवर बसच्या वेळा लिहिल्या होत्या. ती आकडे वाचत राहिली. सात पंधरा. सात चाळीस. आठ पाच.

मागून बॅग पायरीवर आपटल्याचा आवाज आला. पुन्हा आला. “सावकाश, काका... अरे, काका कुठे, तरुण आहात की तुम्ही!” हा कंडक्टर. “पाय उचला. हां. आता दुसरा. धरू का?” “नको, जमेल.” कोणीतरी मागून ओरडलं, “चढा ना हो लवकर!” भिंगरीची नखं तळहातात रुतली. एकदा वळून त्या ओरडणाऱ्याच्या थोबाडीत मारावी, एकदा धावत जाऊन पाठीला हात द्यावा. दहा पावलांचं तर अंतर होतं! ती वळली नाही. आठ तीस. आठ पन्नास. नऊ दहा.

दार आपटलं. घंटीचे दोन टोले पडले. बस घरघरत मागे आली, वळली, आणि आवाज हळूहळू लांब जात जात रस्त्याच्या बाकीच्या आवाजांत मिसळून गेला.

भिंगरी तरीही भिंतीकडे तोंड करून उभीच होती. पुन्हा वळून कधी बघायचं, ते त्याने सांगितलंच नव्हतं.